आरोग्य समता हे ध्येय ठरवलेल्या विद्यापीठाने नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर कार्यक्रम नव्याने सुरू होतोय, त्याच्या ध्येयात ‘आरोग्य समता’ हे शब्द आले आहेत, तुम्ही तिथे नुकतेच शिक्षक म्हणून रुजू झाला आहात, आणि रोजच्या कामात याचा अर्थ काय, हे कोणी सांगत नाही. शिबिरं घ्यायची, संशोधन करायचं, की विद्यार्थी घडवायचे? आणि समता वाढली हे कळणार कसं? मी बरीच वर्षं हा विषय शिकवते आणि वस्त्यांमध्ये कामही करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी माझं मत. कार्यक्रमाचं यश सरासरीवरून ठरवू नका. परिसरातल्या लोकांची तब्येत एकंदरीत सुधारली तर आनंदच आहे, पण तेवढ्याने समतेचं काम झालं असं म्हणता येत नाही. सगळ्यात वाईट अवस्था कोणाची होती, आणि त्यांच्यात नि इतरांत असलेली दरी कमी झाली का, हे पाहायचं. हा प्रश्न पहिल्या दिवसापासून धरून ठेवलात तर काय मोजायचं, काय शिकवायचं, पैसा कुठे घालायचा, किती वर्षं टिकायचं, या सगळ्याची उत्तरं बदलतात.

चांगल्या हेतूने केलेल्या कामानेही दरी वाढते, हे सुरुवातीलाच लक्षात घ्या. वेल्समधल्या एका खाणकामगारांच्या गावात प्रॅक्टिस करणाऱ्या डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी 1971 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज जिथे सर्वांत जास्त असते तिथेच ती सर्वांत कमी मिळते, आणि सेवा जितकी बाजाराच्या हवाली तितका हा नियम अधिक कडकपणे लागू होतो. 2000 साली ब्राझीलच्या सेझार व्हिक्टोरा यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला जोडून दुसरी गोष्ट दाखवली. आरोग्याची कोणतीही नवी योजना आली की तिचा फायदा आधी सुस्थितीतले लोक उचलतात. त्यांना माहिती लवकर मिळते, त्यांच्याकडे वाहन असतं, कामावरून सुट्टी मिळते. त्यामुळे सुरुवातीला दरी वाढते. वरच्यांची सुधारणा आणखी पुढे जाण्याजोगी उरली नाही, की मग खालचे हळूहळू जवळ येऊ लागतात. मधली जी वर्षं जातात त्यांत जीव जातात. ही वर्षं कमी करणं हे तुमचं काम आहे, कारण योजना राबवणाऱ्या खात्याला एकूण आकडा गाठायचा असतो आणि तो गाठायला सोपी घरं पुरतात.

दरी मोजायची म्हणजे काय, इथेही घोटाळा होतो. समजा, एका भागात दर हजार जन्मांमागे 100 बालमृत्यू होतात आणि शेजारच्या सुस्थितीतल्या भागात 50. काही वर्षांनी पहिल्या भागात 60 झाले आणि दुसऱ्यात 25. दोन्हीकडे मृत्यू घटले. वजाबाकी केली तर अंतर 50 वरून 35 वर आलं, म्हणजे दरी कमी झाली. भागाकार केला तर पूर्वीचं दुप्पट प्रमाण आता 2.4 पट झालं, म्हणजे दरी वाढली. दोन्ही उत्तरं खरी आहेत. ज्याला यश दाखवायचंय तो वजाबाकी छापतो, ज्याला अपयश दाखवायचंय तो भागाकार. तुमच्या अहवालात कायम दोन्ही असू द्या, आणि मूळचे चारही आकडे शेजारी छापा. हा नियम मी विद्यार्थ्यांना पहिल्याच सत्रात घालून देते आणि प्रबंधाच्या शेवटच्या मसुद्यापर्यंत तपासते.

सरासरी काय लपवू शकते, याचं मला माहीत असलेलं सर्वांत स्पष्ट उदाहरण अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराचं आहे. एप्रिल 2014 मध्ये खर्च वाचवण्यासाठी शहराचं पाणी डेट्रॉइटच्या यंत्रणेऐवजी फ्लिंट नदीतून घ्यायला सुरुवात झाली. नदीच्या पाण्यावर गंजरोधक प्रक्रिया झाली नाही, आणि जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरू लागलं. रहिवासी पाण्याचा रंग, वास, अंगावरचं पुरळ याबद्दल तक्रारी करत राहिले. मुलांच्या रक्तातल्या शिशाच्या तपासण्या तर आधीपासून होतच होत्या. मग ते दिसलं का नाही? एक कारण असं की नोंदी पिनकोडप्रमाणे मांडल्या जात होत्या. तिथले पिनकोड शहराच्या हद्दीशी जुळत नव्हते. त्यांत हद्दीबाहेरची, वेगळं पाणी पिणारी खूप घरं येत होती. त्यांची निरोगी मुलं शहरातल्या मुलांमध्ये मिसळली गेली आणि वाढ दिसेनाशी झाली.

बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटिशा आणि मिशिगन स्टेट विद्यापीठातले भूगोलतज्ज्ञ रिचर्ड सॅडलर यांनी प्रत्येक मुलाचा पत्ता नकाशावर बसवला आणि शहराच्या हद्दीतली मुलं वेगळी काढली. पाच वर्षांखालच्या ज्या मुलांच्या रक्तात शिसं धोक्याच्या पातळीवर होतं त्यांचं प्रमाण पाणी बदलण्याआधी 2.4 टक्के होतं, नंतर 4.9 टक्के झालं. ज्या वस्त्यांच्या पाण्यात शिसं सर्वांत जास्त होतं तिथे ते 4 टक्क्यांवरून 10.6 टक्क्यांवर गेलं. शहराबाहेर लक्षणीय बदल नव्हता. सप्टेंबर 2015 मध्ये हे निष्कर्ष जाहीर केल्यावर आधी ते नाकारले गेले, पण ऑक्टोबरमध्ये पाणी परत जुन्या यंत्रणेवर आलं. यात नव्या औषधाचा शोध नव्हता, महागडं उपकरण नव्हतं. दवाखान्यात पडून असलेल्या नोंदी होत्या, त्या योग्य ठिकाणी तोडून पाहणारा एक नकाशा होता, आणि तक्रार करणाऱ्या आयांवर विश्वास ठेवणारी माणसं होती. विद्यापीठाकडे हे सगळं असतं, म्हणून विद्यापीठावर ही जबाबदारी जास्त येते.

आता क्षेत्रावरची एक गोष्ट जवळून पाहू. घरोघरी सर्वेक्षणाला विद्यार्थी सकाळी दहाला निघतात आणि दुपारी चारला परततात. फॉर्मवर काही घरांपुढे ‘घर बंद’ असं लिहिलेलं असतं. नियमाप्रमाणे दोनदा फेरी होते, दोन्ही फेऱ्या दिवसाच होतात, आणि मग ते घर नमुन्यातून, म्हणजे अभ्यासासाठी निवडलेल्या घरांतून, वगळून शेजारचं घर घेतलं जातं. ती कुलूपबंद घरं कोणाची असतात? दोघंही रोजंदारीवर जाणाऱ्या नवराबायकोची. दुसऱ्यांच्या घरी कामाला जाणाऱ्या एकट्या बाईची. कामाच्या मागे काही महिने दुसरीकडे गेलेल्या कुटुंबाची. आणि त्यांच्या जागी घेतलेलं शेजारचं घर म्हणजे ज्या घरात कोणीतरी दिवसा घरी राहू शकतं ते. नमुना पूर्ण भरतो, प्रतिसादाचं प्रमाण उत्तम दिसतं, आणि ज्यांच्यासाठी अभ्यास काढला तेच त्यातून गळतात. माझ्याकडे बंद घरांची वेगळी वही असते. संध्याकाळी उशिरा आणि सुट्टीच्या दिवशी फेरी होते, आणि तरीही न सापडलेल्या घरांचं वस्तीनिहाय प्रमाण अहवालाच्या पहिल्या पानावर जातं. हे काम कंटाळवाणं आहे, खर्चिकही आहे. तरी समतेच्या नावाने चालणाऱ्या विभागात मी पाहुणी म्हणून गेले तर सगळ्यात आधी ही वही मागेन.

एक गैरसमज दूर करायला हवा, की समता म्हणजे फक्त अगदी गरिबांचा प्रश्न. 1967 साली लंडनमध्ये सुमारे 18,000 ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांचा अभ्यास सुरू झाला. तो ‘व्हाइटहॉल अभ्यास’ म्हणून ओळखला जातो. हे सगळे पुरुष नोकरीत होते, कार्यालयात बसून काम करणारे होते, देशाची सार्वजनिक आरोग्य सेवा सगळ्यांना सारखीच खुली होती. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर सर्वांत वरच्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा फरक जिन्यासारखा पायरीपायरीने होता: वरून दुसऱ्या पायरीवरचेही पहिल्या पायरीवरच्यांपेक्षा अधिक प्रमाणात दगावत होते. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरलं तरी फरकाचा मोठा भाग शिल्लक उरत होता. 1985 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात स्त्रियाही होत्या. त्यातून कामावर आपला किती ताबा आहे याचाही हृदयविकाराशी संबंध दिसला. या कामातले मायकेल मार्मट पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या आरोग्याच्या सामाजिक निर्धारकांवरच्या (घर, काम, उत्पन्न, शिक्षण अशा तब्येत ठरवणाऱ्या परिस्थितीवरच्या) आयोगाचे अध्यक्ष झाले. आयोगाचा अहवाल 2008 साली आला.

मार्मट यांच्याच 2010 च्या इंग्लंडवरच्या अहवालातून एक उपयोगी दिशा मिळते: सेवा सगळ्यांसाठी ठेवायची, पण तिचा जोर गरजेच्या प्रमाणात वाढवत न्यायचा. फक्त ‘गरिबांसाठी’ म्हणून काढलेल्या सेवा लवकरच निकृष्ट होतात, कारण ज्यांचा आवाज चालतो ते तिथे जात नाहीत. आणि सगळ्यांना अगदी सारखं वाटलं तर खालच्या पायऱ्यांना पुरत नाही. उपक्रम आखताना मी दोन रकाने करायला लावते: सगळ्यांना काय मिळणार, आणि कोणाला त्याउपर काय आणि किती. दुसरा रकाना रिकामा असेल तर तो सर्वसाधारण उपक्रम आहे. तो जरूर करा, पण समतेच्या खात्यावर त्याचा खर्च टाकू नका.

शिबिरांबद्दल माझं मत कडक आहे. एका दिवसात शेकडो लोकांचा रक्तदाब मोजला, पन्नास जणांचा जास्त निघाला, त्यांच्या हातात चिठ्ठी दिली आणि आपण परत आलो, तर त्या पन्नास जणांचं काय झालं हे कोणाला माहीत असतं? औषध रोज, वर्षानुवर्षं लागतं. शिवाय शिबिराच्या दिवशी जे येऊ शकतात त्यांना त्या दिवसाची मजुरी बुडवणं परवडलेलं असतं. तपासणीनंतरचे उपचार कुठे, कोण, किती काळ देणार याचं लेखी उत्तर असल्याशिवाय विभागाने तपासणीला हात घालू नये. विद्यार्थ्यांना अनुभव मिळतो हे कारण मला पटत नाही. त्यांना नाडीही पाहता येईल आणि पाठपुरावाही शिकता येईल असं काम शोधणं हे शिक्षकांचं काम आहे.

मग विद्यापीठाने सेवाच द्यायची नाही का? द्यायची, पण कशी, हे समजायला अमेरिकेतल्या माउंड बायू इथल्या आरोग्य केंद्राचा इतिहास वाचा. मी दरवर्षी नव्या तुकडीला तो सांगते. त्याची सुरुवात दक्षिण आफ्रिकेत आहे. तिथे 1940 साली सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने फोलेला नावाच्या ग्रामीण भागात आरोग्य केंद्र सुरू केलं. ते एकेका घराची नोंद ठेवत, आजारी माणसाबरोबर पाणी, शेत, मुलांचं खाणं हेही पाहत, परसबागा लावायला मदत करत. वर्णभेदी राजवटीत हे काम टिकलं नाही आणि कार्क देश सोडून गेले. पण त्याआधी जॅक गायगर नावाचा एक अमेरिकन वैद्यकीय विद्यार्थी तिथे शिकून गेला होता.

गायगर आणि त्यांचे सहकारी काउंट गिब्सन यांनी बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातर्फे सरकारी अनुदान मिळवलं आणि 1965 मध्ये बोस्टनमधल्या गरीब वसाहतीत, तर 1967 मध्ये मिसिसिपी राज्यातल्या माउंड बायूला आरोग्य केंद्र उघडलं. कापसाच्या शेतात यंत्रं आल्यामुळे तिथल्या कृष्णवर्णीय शेतमजुरांचं काम गेलेलं होतं. दवाखान्यात येणारी मुलं जुलाबाने आणि जंतुसंसर्गाने आजारी होती, आणि त्याच्या मुळाशी उपासमार होती. तेव्हा डॉक्टरांनी कागदावर औषधासारखंच अन्न लिहून द्यायला सुरुवात केली. कुटुंबाने तो कागद गावातल्या किराणा दुकानात दाखवायचा, दुकानदाराने बिल केंद्राच्या औषधालयाला पाठवायचं. वरून आक्षेप आला की औषधालयाचा पैसा रोगावरच्या औषधांसाठी आहे. गायगर यांचं उत्तर प्रसिद्ध आहे, त्याचा आशय असा: पाठ्यपुस्तकाप्रमाणे कुपोषणावरचा नेमका उपचार अन्न हाच आहे.

बहुतेक लोक इथे थांबतात, कारण गोष्ट छान आहे. माझ्या मते खरं शिकण्यासारखं पुढे आहे. जॉन हॅच या समाज संघटकाने वस्तीवस्तीत आरोग्य संघ बांधले आणि त्यांच्या प्रतिनिधींची परिषद उभी राहिली. कायम दुसऱ्याने वाटलेलं अन्न खायचं नाही म्हणून शेकडो कुटुंबांनी सहकारी शेती सुरू केली. केंद्राने विहिरी आणि संडास बांधले, घरं दुरुस्त केली, लोकांना दवाखान्यात आणायला बस लावली. अर्धवट सोडलेलं शिक्षण पुरं करण्याचे वर्ग काढले आणि त्यातून स्थानिक मुलामुलींसाठी पुढच्या शिक्षणाची वाट निघाली. एल. सी. डॉर्सी यांचं घराणं तिथल्याच शेतमजुरांचं. त्या केंद्रात कामाला लागल्या आणि पुढे त्याच केंद्राच्या संचालक झाल्या. विद्यापीठ बाजूला झालं आणि केंद्र लोकांच्या ताब्यात गेलं. आज अमेरिकेत या धर्तीची सुमारे 1,400 आरोग्य केंद्रं 3 कोटींहून अधिक लोकांना सेवा देतात, आणि त्यांच्या संचालक मंडळावर किमान 51 टक्के सदस्य तिथे उपचार घेणारे रुग्ण असावेत अशी कायद्याची अट आहे. तुमच्या कार्यक्रमाच्या सल्लागार मंडळाची यादी काढा आणि त्यात वस्तीतले किती आहेत ते मोजा. त्यांना बैठकीचा भत्ता मिळतो का, बैठक त्यांच्या सोयीच्या वेळी होते का, आणि त्यांनी ‘नको’ म्हटलेला एखादा प्रकल्प कधी थांबला का, हेही पाहा.

हे सगळं सोपं नाही. लोकांचा विद्यापीठावर विश्वास नसतो आणि त्यामागे कारणं असतात. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामातल्या टस्कीगी इथे 1932 ते 1972 अशी 40 वर्षं सुमारे 600 कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास चालवला. त्यातल्या 399 जणांना सिफिलिस हा लैंगिक संबंधातून पसरणारा रोग होता. 1947 पर्यंत पेनिसिलिन हा सर्वमान्य उपचार झाला होता, तरी तो त्यांना दिला नाही. कोणी लस किंवा रक्ताचा नमुना द्यायला कचरत असेल तर त्याला अडाणी म्हणण्याआधी त्या भागात पूर्वी कोण येऊन काय घेऊन गेलं, हे विचारा. आधीच्या अभ्यासांचे निष्कर्ष लोकांना कधीच सांगितले गेलेले नसतात, हे मला अनेक ठिकाणी आढळलं आहे. विभागाचा साधा नियम असावा: निष्कर्ष आधी वस्तीच्या सभेत, मग नियतकालिकात.

शिकवण्याबद्दल. समता हा स्वतंत्र पेपर ठेवून चौथ्या सत्रात शिकवला की विद्यार्थी तो पाठ करतात आणि विसरतात. तो जैवसांख्यिकीच्या, म्हणजे आरोग्याच्या आकडेवारीच्या, तासाला यायला हवा. उदाहरण सांगते. 2019 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या एका अल्गोरिदमचं (संगणकीय गणनपद्धतीचं) परीक्षण छापलं. कोणत्या रुग्णांना जादा देखभालीची गरज आहे हे तो ठरवायचा. वर्णाचा रकाना त्यात नव्हताच. पण गरज मोजण्यासाठी त्याने आदल्या खर्चाचा आधार घेतला होता, आणि कृष्णवर्णीय रुग्णांवर तेवढ्याच आजारासाठी कमी खर्च होत आलेला होता. त्यामुळे जास्त आजारी असूनही ते मागे पडत. हा दोष दूर केला तर जादा मदत मिळणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण 17.7 टक्क्यांवरून 46.5 टक्क्यांवर जाईल, असं त्यांनी दाखवलं. एवढं सगळं एका चल राशीच्या निवडीवर, म्हणजे गरज कशाने मोजायची यावर, अवलंबून होतं. हे उदाहरण गणितासह फळ्यावर सोडवलं की विद्यार्थ्यांच्या मनातला ‘आकडे तटस्थ असतात’ हा समज जातो. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरचंही तसंच: 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासात, यंत्राला न दिसलेली ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा आढळली. मोजणारं यंत्रच सगळ्यांना सारखं मोजत नसेल, तर पुढचं सगळं विश्लेषण त्या चुकीवर उभं राहतं.

अभ्यासक्रमात आणखी दोन गोष्टी घाला: सरकारी अंदाजपत्रक वाचायला शिकवणं, आणि एकाच वस्तीशी विद्यार्थ्याला पूर्ण दोन वर्षं जोडून ठेवणं. वस्त्या बदलत फिरवलं तर सगळं थोडंथोडं दिसतं आणि कोणाचीच ओळख होत नाही. आणि प्रवेश कोणाला मिळतो तेही पाहा. वस्तीत काम केलेली आरोग्य कार्यकर्ती, जिच्याकडे मोठी पदवी नाही, तिला तुमच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमात तरी जागा आहे का?

टिकून राहण्याचं मोल सांगायला ब्राझीलच्या पेलोटास शहराचं नाव घ्यावं लागेल. तिथल्या फेडरल विद्यापीठाने 1982 साली शहरातल्या रुग्णालयांत जन्मलेल्या सगळ्या बाळांची नोंद केली. जिवंत जन्म 5,914 होते. त्या बाळांचा मागोवा ती तिशीत पोचेपर्यंत आणि पुढेही घेतला गेला. मग 1993, 2004 आणि 2015 साली जन्मलेल्यांचे असेच गट तयार झाले. एकाच शहरात, दर 11 वर्षांनी, श्रीमंत आणि गरीब घरातल्या बाळांत काय फरक पडत गेला हे तिथे बोट ठेवून सांगता येतं. स्तनपानामुळे बाळांना मिळणाऱ्या संरक्षणाबद्दलचं, जगभर धोरणांत गेलेलं महत्त्वाचं ज्ञान या विद्यापीठातून आलं आहे, आणि आधी ज्यांचा उल्लेख केला ते व्हिक्टोरा तिथलेच. याच नोंदींतून सिझेरियनचं प्रमाण 33 वर्षांत दुपटीहून जास्त वाढलेलंही दिसलं, म्हणजे अधिक सेवा मिळणं हे नेहमीच चांगलं असतं असंही नाही.

तीन वर्षांच्या अनुदानावर हे होत नाही. प्रकल्प संपला की क्षेत्र कर्मचारी जातात, त्यांच्याबरोबर वस्तीतल्या ओळखी जातात, आणि पुढच्या प्रकल्पात सगळं पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून वस्तीवर काम करणाऱ्या किमान काही जागा विद्यापीठाच्या कायम आस्थापनेवर घ्यायला लावा. हे भांडण कंटाळवाणं असतं, फाइल फिरत राहते, पण मला विचाराल तर नव्या प्रयोगशाळेआधी हे मागा. तसंच बढतीच्या निकषांत फक्त शोधनिबंध मोजले जात असतील तर तरुण शिक्षक वस्तीत वेळ का घालवेल? तुम्ही स्वतः त्याच अडचणीत आहात. विभागप्रमुखांशी आत्ताच बोला, रुजू झाल्यावर पहिल्या वर्षात असं बोलणं सोपं जातं.

पहिल्या वर्षी हातात पैसा नसेल असं धरून चालू. नवं सर्वेक्षण करू नका. आरोग्य खात्याकडे जन्म, मृत्यू, लसीकरण, बाळंतपणाच्या नोंदी असतात. त्या रीतसर परवानगीने, नावं काढून मिळवा आणि शक्य तितक्या लहान भागांत, तसंच स्त्री-पुरुष, उत्पन्न, शिक्षण, अपंगत्व, स्थलांतर यांप्रमाणे तोडून पाहा. फार लहान गटांत एकेकटा माणूस ओळखू येणार नाही याची काळजी घ्या. जो भाग सर्वांत मागे दिसेल तो निवडा, एकच निवडा. तिथे दोन-तीन महिने काहीही न देता, काहीही न भरून घेता जा आणि लोकांना त्यांचे त्रास कोणत्या क्रमाने वाटतात ते ऐका. बहुधा पाणी, कामाच्या वेळा, घरभाडं, रस्ता हे आजारांच्या आधी येईल. त्यातलं एक, जे विद्यापीठाच्या माहितीने किंवा वजनाने हलू शकतं, ते धरा: पाण्याची तपासणी असेल, दवाखान्याची वेळ संध्याकाळची करून घेणं असेल. ते तडीस न्या, मग आरोग्याची मोजणी सुरू करा.

वर्षाच्या शेवटी वस्तीत सभा घ्या आणि नोंदींतून काय निघालं ते नकाशासकट मांडा. लोकांनी ‘आमच्या दृष्टीने हे महत्त्वाचं नाही’ म्हटलं तर पुढच्या वर्षाचा आराखडा तिथेच बदला, आणि तो मंजुरीला वर पाठवताना सभेचं इतिवृत्त सोबत जोडा. इतिवृत्तावर वस्तीतल्या दोघातिघांच्या सह्या असू द्या.